रक्त, शाई आणि लोहचुंबक

इ. स. १८३२ च्या जानेवारी महिन्यात, लंडनच्या ऐन थंडीत, टेम्स नदीवरील वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून एक गृहस्थ तांब्याची तार अंथरीत होते. तार थोडीथोडकी नव्हे, चांगली ९६० फूट. तिच्या दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जोडून ते त्यांनी पाण्यात सोडले, मध्ये वीज दाखविणारे यंत्र बसविले आणि त्याच्या सुईकडे डोळे लावून ते बसले. नांदेडला गोदावरीच्या पुलावर आज कोणी असा उद्योग मांडला, तर पोलीस येण्यापूर्वी बघेच गोळा होतील!

गृहस्थांचे नाव मायकेल फॅरेडे. लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, शाळेचे तोंड बेताचेच पाहिलेला हा माणूस. लोहचुंबकाजवळ तार हलविली की तारेत वीज खेळू लागते, हे त्याने आदल्याच वर्षी सिद्ध केले होते. पुढचा तर्क सरळ होता. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. नदीच्या पाण्यातून वीज वाहते. मग वाहत्या नदीतही वीज उत्पन्न झालीच पाहिजे. तर्क बिनतोड, पण सुईने दाद दिली नाही. ती हलली, नाही असे नाही. परंतु ज्या कारणाने हलायला हवी होती त्या कारणाने नव्हे. फॅरेडेसाहेब तार गुंडाळून परत गेले.

त्या गुंडाळलेल्या तारेचे दुसरे टोक मात्र आपल्या अंगातून वाहणाऱ्या नदीत निघाले. शंभर वर्षांनंतर, १९३६ साली, अलेक्झांडर कोलिन या शास्त्रज्ञाने तोच प्रयोग रक्तवाहिनीवर करून दाखविला. धमनीच्या दोन अंगांना लोहचुंबकाची टोके ठेवायची, त्यांच्याशी काटकोन करून विजेची दोन टोके टेकवायची, आणि वाहत्या रक्तात जी वीज निर्माण होते तिच्यावरून रक्ताचा वेग काढायचा. टेम्सने जे दिले नाही ते धमनीने दिले. कारण पृथ्वीचा चुंबक दुबळा असतो, तर माणसाने घडविलेला चुंबक मनाजोगा बलवान करता येतो.

किती दुबळा, हे मोजण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात फार जुने आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व नोंदले जात असे. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने सुया बिथरतील म्हणून नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. ट्रामगाडी मुंबईहून केव्हाच गेली. अलिबागच्या नोंदी चालू आहेत. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सुमारे चाळीस-बेचाळीस मायक्रोटेस्ला भरते. रुग्णालयातल्या एम. आर. आय. यंत्राचे क्षेत्र बहुधा दीड टेस्ला असते, म्हणजे याच्या सुमारे पस्तीस हजार पट. त्या यंत्रात निजलेल्या माणसाच्या हृदयाचा विद्युत-आलेख काढला, तर त्यातली एक लाट उगीचच उंचावलेली दिसते. घरच्यांनी घाबरू नये. हृदयाला काही झालेले नसते. महाधमनीतून सुटलेले रक्त चुंबकक्षेत्र कापीत धावते, त्याची ती वीज असते. टेम्सच्या पुलावर फॅरेडे जिची वाट पाहत बसले होते तीच ही.

आता प्रश्न असा, की या रक्तात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि बाहेरून लोहचुंबक धरला, तर प्रवाहाचे काय होईल? तो मंदावेल, की वळेल? कण नेमके रोगाच्या जागी थांबतील काय? औषध त्या कणांवर बसवून पाठविले, तर सबंध शरीराला त्याचा त्रास न देता गाठीपाशीच उतरविता येईल काय? असल्या प्रश्नांवर आज आपल्या देशात मोठ्या संख्येने प्रबंध लिहिले जातात, आणि ते लिहिणारे बहुतेक डॉक्टर नसून गणिती असतात. द्रवांच्या गतीचे गणित नांदेड-लातूरकडच्या पदव्युत्तर वर्गांतही शिकविले जाते. या विषयाला कागद, संगणक आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या प्राध्यापकाला जगाच्या पंक्तीत बसण्याची ही एक वाट आहे, आणि म्हणूनच ती कोठून आली आणि कोठे जाते हे पाहण्याजोगे आहे.

सुरुवात नळीपासून करू. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वे याने १६२८ साली दाखविले. परंतु नळीतून ते कोणत्या नियमाने वाहते हे कळायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. पॅरिसच्या प्वाझय नावाच्या डॉक्टराला रक्ताचेच कोडे सोडवायचे होते, पण रक्त बाहेर काढले की गोठते. म्हणून त्याने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून पाणी सोडले आणि १८४० च्या सुमारास आपला नियम मांडला. नळीचा व्यास निम्मा केला तर धार किती होईल? घरातल्या मुलांना विचारून पाहा. धाकटा म्हणेल निम्मी, थोरला म्हणेल पाव. प्वाझय म्हणतो, सोळावा हिस्सा! नळाला येणाऱ्या धारेचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणवावे लागलेल्या लातूरकरांना शिकवायला नको. पण रस्त्याखालच्या मोठ्या नळात पाणी खळाळत जाते, तेथे हा नियम चालत नाही. तो संथ, बारीक वाटांचा नियम आहे. रक्तवाहिनी थोडीशी आकसली की माणसाची एवढी दैना का होते, याचे उत्तर त्या सोळाव्या हिश्शात आहे.

पण प्वाझयने मोजले ते पाणी. रक्ताचा स्वभाव निराळा. दिवाळीच्या दिवसांत तो समजावून देणे अगदी सोपे आहे. सोऱ्यात चकलीचे पीठ भरा आणि हलकेच दाबा. काही येत नाही. आणखी थोडे दाबा, तरी नाही. एका मर्यादेपलीकडे जोर गेला की मग मात्र चकली सरसर उतरू लागते. पाण्याला असा हट्ट नसतो. त्याला कितीही हलके ढकला, ते निघते. रक्ताचा हट्ट चकलीच्या पिठाइतका नाही, अगदी किंचित आहे, पण आहे. प्रवाह मंद असला की तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटून राहतात. जोर वाढला की चवडी मोडतात आणि रक्त पातळ झाल्यासारखे धावते.

हा हट्ट अंकांत बसविणारे समीकरण कोणत्या वैद्यकशाळेतून आले नाही, ते छापखान्यातून आले. १९५९ साली कॅसन या संशोधकाने छपाईच्या शाईसाठी ते मांडले. शाई रुळावर असताना ओघळता कामा नये आणि दाब पडताच कागदावर सारखी उतरली पाहिजे, हा त्याचा विचार. नंतरच्या चार-पाच वर्षांत रक्तावर मोजमापे झाली, तेव्हा ते शाईचे सूत्र रक्तालाही बरेचसे लागू पडते असे दिसून आले. आज रक्तप्रवाहाच्या गणितात ‘कॅसनचा द्रव’ असा शब्द पदोपदी येतो. लेखकमंडळी रक्ताची शाई करून लिहितात असे आपण म्हणतो. शास्त्रज्ञांनी उलटे करून दाखविले.

लोहचुंबकाचा भाग असाच परक्या घरून आला. डेन्मार्कच्या युलियस हार्टमन यांनी १९३७ साली पारा चुंबकाच्या दोन टोकांमधून वाहविला आणि पाहिले की पाऱ्याला लगाम बसतो. वाहत्या पाऱ्यात वीज उत्पन्न होते, आणि ती वीजच चुंबकक्षेत्रात उलट जोर लावून पाऱ्याला मागे ओढते. लगाम किती कसला आहे हे सांगणारी एक संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते: हार्टमन-अंक. १९४२ साली स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी हेच शास्त्र सूर्याला लावले, आणि त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाऱ्याचे आणि सूर्याचे गणित रक्ताला लावण्याचे धाडस १९६५ साली कोर्चेव्स्की आणि मारोच्निक या सोव्हिएत संशोधकांनी केले.

उरले लोखंडाचे कण. तेही वैद्यकातून आले नाहीत. १९६३ साली अमेरिकेच्या अवकाश-संस्थेत स्टीफन पॅपेल यांच्यापुढे एक अडचण होती. अग्निबाण अवकाशात गेला की इंधनाला वजन उरत नाही. मग ते टाकीतून नळीच्या तोंडाशी कसे आणायचे? त्यांनी मॅग्नेटाइट नावाचे चुंबकी लोहखनिज अत्यंत बारीक दळून, चिकटू नये म्हणून तेलकट आम्लाचा लेप देऊन, इंधनासारख्या तेलात मिसळले. झाला लोहचुंबकाच्या मागे धावणारा द्रव. आपल्याकडे या द्रवांचा अभ्यास भावनगरला प्रा. आर. व्ही. मेहता यांनी रुजविला. पुढे १९९५ साली शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेतील स्टीफन चॉई यांनी अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या द्रवांना ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. त्यांना काळजी होती यंत्रे थंड ठेवण्याची.

लोहचुंबकाने शरीरातले शल्य ओढून काढण्याचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. अयस्कांत म्हणजे लोहचुंबक, हे शल्य काढण्याच्या साधनांत तेथे गणलेले आहे. हे खरोखरच अभिमानास्पद आहे. मात्र त्यावरून आमच्या पूर्वजांना नॅनोकण ठाऊक होते असे म्हणणारे जे वक्ते गणेशोत्सवात भेटतात, त्यांनी सुश्रुताला त्याच्या सरळ हाताच्या कामाचे श्रेय द्यावे; तेवढे पुष्कळ आहे.

हे सारे जगात घडत होते तेव्हा आपल्या भागात काय होते, हेही पाहू. नांदेड आणि लातूर ही निजामाच्या राज्यातली गावे. त्या राज्याच्या राजधानीत १८८९ साली रक्ताच्या दाबाची मोजमापे चालली होती, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. क्लोरोफॉर्म दिलेला रोगी दगावतो तो श्वास बंद पडल्याने की हृदय बंद पडल्याने, असा वाद होता. निजामाच्या खर्चाने हैदराबादेत एक चौकशी मंडळ बसले. एडवर्ड लॉरी हे तेथले डॉक्टर आणि विलायतेहून आलेले लॉडर ब्रंटन, यांनी शेकडो कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग करून रक्तदाबाच्या रेषा फिरत्या पट्टीवर उमटविल्या. निकाल दिला की श्वास आधी थांबतो, हृदयाची चिंता नको. विसाव्या शतकाच्या आरंभी हे अपुरे ठरले. क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते, असे सिद्ध झाले. मोजमापे विपुल असूनही निकाल चुकू शकतो, याचे हे घरचे उदाहरण जपून ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण अधिक गोड आहे. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या आणि हिवतापाचे गूढ उकलले. ते काळे कण काय असतात? हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो आणि त्यातले न पचणारे लोहयुक्त द्रव्य स्फटिकांच्या रूपाने साठवून ठेवतो. हे स्फटिक लोहचुंबकाकडे किंचित ओढले जातात. इतके की, हिवतापाच्या पेशी निरोगी पेशींतून वेगळ्या काढायला प्रयोगशाळांतून आज चुंबक वापरतात. म्हणजे लोहकण मिसळलेले रक्त माणसाने तयार करण्यापूर्वी डासाने कितीतरी आधी तयार केले होते, आणि डासाच्या पोटात ते कण प्रथम ओळखले गेले आपल्याच त्या वेळच्या राजधानीच्या वेशीवर.

पण राजधानी ती राजधानी, आणि जिल्हा तो जिल्हा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, तेही हैदराबादेत आणि शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाला उच्च गणित शिकायचे तर गाव सोडावे लागे, आणि भाषाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, ज्याचे पुढे नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, आणि १९९४ साली त्यातून वेगळे निघून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. हार्टमनने पारा वाहविला तेव्हा नांदेडला महाविद्यालय नव्हते. पॅपेलने लोहद्रव बनविला तेव्हा असून तेरा वर्षेच झाली होती. एवढ्या अवधीत या भागातल्या मुलामुलींनी ही समीकरणे हाताळावीत, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

कौतुक झाले. आता थोडा हिशेब.

हार्टमन-अंक काढण्याची रीत फार कठीण नाही. चुंबकक्षेत्राला नळीच्या त्रिज्येने गुणायचे. द्रवाच्या वीजवाहकतेला त्याच्या दाटपणाने भागून वर्गमूळ घ्यायचे. आणि पुन्हा गुणाकार. एवढे गणित मॅट्रिकलाही असते. रक्ताची वीजवाहकता सुमारे ०.७ आणि दाटपणा सुमारे ०.००३५, आंतरराष्ट्रीय एककांत. भागाकार २००, वर्गमूळ १४ च्या वर थोडे. महाधमनीची त्रिज्या एक सेंटिमीटर धरू आणि एम. आर. आय. चे दीड टेस्ला घेऊ. उत्तर येते ०.२१. हा अंक १ च्या पुष्कळ खाली असला की लगाम जवळजवळ जाणवतच नाही. पारा रक्ताहून दहा लाख पटींनी अधिक वीजवाहक असतो, म्हणून हार्टमनच्या नळीत लगाम बसला. रक्तात तो बसत नाही. महाधमनीत हा अंक १ वर न्यायचा तर ७ टेस्लांचे क्षेत्र हवे. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बारीक धमनीत न्यायचा तर ७० टेस्ला. आणि सतत टिकणारे सर्वांत बलवान क्षेत्र, जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतसुद्धा, पन्नासाच्या अलीकडेच अडखळते.

तरीही बारीक धमनीतल्या रक्ताविषयीच्या प्रबंधांत या अंकाला १, २, ३, ५ अशा किमती सर्रास दिलेल्या आढळतात. त्यांचे सुरेख आलेख निघतात. चुंबक वाढला, वेग घटला, असा निष्कर्षही निघतो. गणितात चूक नसते. परंतु ज्या धमनीचे चित्र काढले आहे ती धमनी या पृथ्वीवर कोणाच्याही अंगात नसते. कादंबरीत नायकाची उंची साडेसहा फूट ठेवावी की सात, हा लेखकाचा अधिकार आहे; त्याला शिंपी विचारीत नाही. रोग्यासाठी कपडा बेतायचा म्हटल्यावर मात्र माप अंगाचे घ्यावे लागते. हा दोष काही एका विद्यापीठाचा किंवा एका देशाचा नाही. पाऱ्याचे समीकरण रक्तावर उतरवून घेताना त्याच्या किमतीही नकळत उतरल्या, आणि एकाने वापरल्या म्हणून दुसऱ्याने वापरल्या. हे परीक्षकांनी विचारायला हवे. एक प्रश्न पुरे: किती टेस्ला?

मग चुंबकाचा रक्तावर काही उपयोगच नाही काय? आहे, पण तो दुसऱ्या वाटेने. लगामाची गोष्ट वेगळी आणि ओढीची वेगळी. लोहकणाला ओढायचे तर क्षेत्र नुसते बलवान असून भागत नाही, ते जागोजागी कमीजास्त असावे लागते. सगळीकडे सारखे क्षेत्र असेल, तर कण केवळ वळून उभा राहतो, सरकत नाही. चुंबकाच्या टोकाजवळ ओढ जबर असते आणि अंतर वाढताच ती झपाट्याने उतरते. कण सुमारे दहा नॅनोमीटरचा असतो. तांबडी पेशी त्याच्या आठशे पट रुंद. इतक्या लहान कणाची एक खुबी अशी की, चुंबक दूर केला की तो आपले चुंबकत्व विसरतो, म्हणून कण एकमेकांना चिकटून रक्तवाहिनी तुंबत नाही. पण लहानपणाची शिक्षाही असते. ओढ कणाच्या आकारमानावर अवलंबून, आणि आकारमान तर नाममात्र! केशवाहिनीत रक्त सेकंदाला मिलिमीटरभरही जात नाही, तेथे कण थांबविणे शक्य असते. मोठ्या धमनीत ते सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर धावते, तेथे कण चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. कातडीखालच्या गाठीला हा उपाय लागू पडेल, यकृताच्या गाभ्याला अवघड. किती अंतरावर, कोणत्या वेगात, केवढा कण थांबेल, हे मात्र गणितच सांगू शकते. कारण माणसावर हजार वेळा करून पाहणे शक्य नाही. गणितीची खरी जागा येथे आहे.

प्रत्यक्षात काय झाले? १९९६ साली बर्लिनमध्ये ल्युबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहकणांवर बसविलेले कर्करोगाचे औषध १४ रोग्यांना दिले आणि गाठीवर बाहेरून चुंबक धरला. उपाय सोसवतो असे दिसले. पण त्याचा सर्वत्र वापर व्हावा इतके यश त्यानंतर इतक्या वर्षांतही हाती आले नाही. दुसरी वाट कण तापविण्याची. उलटसुलट फिरणाऱ्या चुंबकक्षेत्रात कण गरम होतात आणि गाठीच्या पेशी ४२-४५ अंशांवर दुबळ्या पडतात. मेंदूच्या गाठीवर अशा उपचाराला २०१० साली युरोपात मान्यता मिळाली. तेथे कण रक्तातून न पाठविता थेट गाठीत टोचतात, म्हणजे प्रवाहाचा प्रश्नच टाळला. असे तापणारे कण बनविण्याचे काम महाराष्ट्रातही झाले आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. धीरेंद्र बहादूर यांच्याकडे, आणि कोल्हापूरला डॉ. एस. एच. पवार यांच्याकडे.

आणि एक उपयोग असा झाला की त्यात चुंबकाला काही कामच उरले नाही. याच जातीच्या लोहकणांचे एक औषध अमेरिकेत २००९ साली मान्य झाले, ते मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराने रक्तक्षीण झालेल्या माणसांना लोह पुरविण्यासाठी. लोह शिरेतून जाते आणि शरीर ते पचवून त्याचे हिमोग्लोबिन करते. क्वचित कोणाला त्याची तीव्र वावडी उठते, म्हणून त्यावर कडक इशारा छापलेला असतो. पन्नास-साठ वर्षे चुंबकाने ओढायला म्हणून जे लोखंड बारीक केले, ते शेवटी लोखंड म्हणूनच कामी आले!

रक्तक्षयाचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षीण निघाल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. आता वर मी जो रक्ताचा दाटपणा घेतला, ०.००३५, तो निरोगी माणसाचा. ज्याच्या रक्तात तांबड्या पेशी शंभरात पंचेचाळीसच्या आसपास आहेत अशाचा. पेशी कमी झाल्या की दाटपणा उतरतो, कॅसनचा तो चकलीसारखा हट्टही उतरतो. रक्त पातळ होऊन वेगाने धावते आणि हृदय दुप्पट राबते, पण प्राणवायू मात्र थोडाच पोहोचतो. म्हणजे प्रबंधातले रक्त निरोगी पुरुषाचे आणि प्रबंध लिहिणाऱ्याच्या घरातल्या आईबहिणीचे रक्त निराळे, असा प्रकार आहे. कंधार-मुखेडच्या, औसा-निलंग्याच्या आयाबायांच्या रक्ताची किंमत घालून हे समीकरण सोडविले, तर तो प्रबंध नांदेडचा होईल. एरवी तो कोठलाही असतो.

आणखी एक रक्त आपल्या जिल्ह्यात आहे. किनवट-माहूरच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. प्राणवायू उतरला की यातली तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसते. रोग्याच्या हाडांत, पोटात असह्य कळा येतात. येथे रोग म्हणजेच प्रवाहाचा खोळंबा. चुंबकाशी त्याचे नातेही आहे. फॅरेडेने १८४५ साली वाळलेले रक्त तपासले होते आणि चुंबक ते किंचित दूर लोटतो असे त्याला दिसले होते. ताजे रक्त तपासायचे त्याच्या मनात होते. ते काम १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांनी केले: प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरते, नसलेले किंचित ओढले जाते. त्याच पॉलिंगने १९४९ साली सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच दोष आहे असे दाखविले. आणि १९६५ साली, म्हणजे सोव्हिएत गणित्यांनी रक्ताला पाऱ्याचे समीकरण लावले त्याच वर्षी, माकियो मुरायामा यांनी कोयत्यासारख्या झालेल्या पेशी चुंबकाच्या टोकांमध्ये ठेवल्या, तेव्हा त्या सगळ्या क्षेत्राला आडव्या होऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्याला लोहकण मिसळावे लागले नाहीत, सत्तर टेस्लाही लागले नाहीत. साधे ०.३५ टेस्ला पुरले. अशा आडव्या उभ्या राहिलेल्या पेशींचे रक्त केशवाहिनीतून कसे वाहील, एम. आर. आय. मध्ये निजविलेल्या सिकलसेलच्या मुलाच्या अंगात त्याने काही फरक पडतो काय, हा प्रश्न गणिताचा आहे, डॉक्टरचा आहे आणि पदार्थविज्ञानाचाही आहे. किनवटला जायला नांदेडहून आदिलाबादच्या वाटेवरची रेल्वे आहे.